साक्षीत न सांगितलेलं

प्रिय दीपिका,

सलाम. जावईबापूलेही सलाम सांग. तुझ्या पोटात जो कोणी बसला आहे त्याले सलाम सांगायची अजून माझी हिंमत होत नाई, म्हणून त्याचं नाव न घेताच पुढं जाते.

माय पत्र लिहून राह्यली म्हणून हसू नको. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली होती मी, विसरली असशील. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, पण वाचता येईल. दुपारची वेळ आहे. बाहेर ऊन असं, की कुत्रं पण पडवीतून उठत नाई. तुझा बाबा खाटेवर पडला आहे आणि त्याच्या उशापाशी बुधरी आत्या चारोळी फोडत बसली आहे. हाव, बुधरी आत्याच. आपण प्रभूचं नाव घेतलं तवापासून जिनं आपल्या घरचं पाणी सोडलं होतं, तीच. दचकू नको, सगळं सांगते. पण मले सरळ सांगता येत नाई, तुले माहीत आहे. मी धानोऱ्याले निघाली तरी आधी चार घरं फिरून येते.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तवा मी तलावाच्या पाळीवर होती. तिथंच नेटवर्कची एखादी दांडी भेटते. तू म्हणाली, माय, बाळ आडवं आहे, माझी बीपी पण वाढून राह्यली, बहुतेक सिझर करा लागन. मंग एकदम बारीक आवाजात म्हणाली, मले लय भेव वाटते, तू येशील का? लहान होती तवा अंधारात परसात जायचं असलं की असाच आवाज काढायची तू. आणि मी काय केलं? मी तुले सभेतली साक्ष सांगितली! भ्यायचं नाई बेटा, विश्वास ठेव, माझ्याकडं पाह्य, हत्ती दारात आला तरी तुझी माय जागची हालली नाई. तू म्हणाली, मी तुझ्यासारखी नाई वो माय. आणि दांडी गेली. येशील का, ह्याचं उत्तर राहूनच गेलं. फोन आभाळाकडं करून मी पाळीवर इकडून तिकडं पळाली, चप्पल तुटली, पण तो मुडदा काही लागला नाई.

तवापासून तुझं ते बोलणं माझ्या कानात बसलं आहे. माझ्यासारखी नाई म्हणते! अवो पोट्टे, तू अगदी माझ्यासारखीच आहेस, आणि तेच तुले सांगायचं आहे. पास्टर प्रफुल्लभाऊ ज्या मंगलीबाईची साक्ष सभांमधून सांगतात, ती बाई कोण, मलेही तिले एकदा भेटायचं आहे. त्यांच्या साक्षीत मी खाटेच्या आणि हत्तीच्या मधात उभी राह्यते, हात वर करते, प्रभूच्या नावानं हत्तीले आज्ञा देते, आणि हत्ती मान वाकवून निघून जाते. लोक रडतात. तू पण मोबाईलवर तो व्हिडिओ पाहून रडली होतीस. आता खरं ऐक.

आपल्या जंगलात वाघ होता, अस्वल होतं, डुकरं तर घरच्यासारखी. पण हत्ती आपल्या आजोबानंही पाह्यला नव्हता. काही वर्षांआधी छत्तीसगडाकडून कळप आला तवा गावच्या बायका नारळ घेऊन निघाल्या होत्या, देव आला म्हणून. देवानं उभं धान तुडवलं तसे नारळ घरी परतले. आपण विश्वाशांनीही काही वेगळे दिवे लावले नाई. आपण हत्ती जावा म्हणून उपास धरला आणि उपास सुटायच्या आत त्यानं आपलीच वांग्याची वाडी खाल्ली. खरं म्हणजे आपल्याले हत्तीची रीतच माहीत नाई. वाघाच्या जंगलात बोलत जायचं, खोकत जायचं, म्हणजे तो बाजूले होते. डुकरं आली तर डबे वाजवायचे. तेच आपण हत्तीले लावतो. वनखात्याचे गार्ड भोंगा लावून सांगून गेले होते, डबे वाजवू नका, टेंभे घेऊन धावू नका, घरात मोहफुलं ठेवू नका, त्याले लांबून वास येते. सगळ्यांनी माना डोलवल्या. मान डोलवायले काय लागते!

आणि मोहफुलांचं आपल्या गावाचं तुले माहीतच आहे. जावईबापूले सांगजो, बल्लारपूरच्या माणसाले हसू येईन. आपल्या विश्वासी घरांत कोणी दारू काढत नाई, पीत नाई. म्हणून गावातल्या साऱ्या बायका, प्रार्थनेले कधी न येणाऱ्याही, वाळवलेली मोहफुलं आपल्या प्रार्थनाघरात आणून ठेवतात. घरी ठेवली की नवरा पोतं उसवते आणि भट्टीवर नेते, भाव येईपर्यंत हाती काही राहत नाई. प्रार्थनाघराले कुलूप, आणि चावी बाबाच्या उशाखाली. बुधरी आत्या आपल्या दारात येत नव्हती, पण पोतं मात्र सुनेच्या हातून बरोबर पाठवे. देव त्यांचा कोणता का असेना, कुलूप मजबूत आहे, असं म्हणे ती. रविवारी आपण पोत्यांच्या मधात बसून गीतं म्हणायचो आणि अर्धी सभा वासानंच पेंगायची. गार्ड सांगून गेले तवा आम्ही बायांनी काय अक्कल चालवली पाह्य. घरात ठेवायची नाई नं, मंग चला प्रार्थनाघरात! ज्यांच्या घरी थोडी उरली सुरली होती त्यांनीही आणून टाकली. साऱ्या गावाचा मोहा एका खोलीत, आणि ती खोली आपल्या भिंतीले लागून. एकीच्याही डोक्यात आलं नाई. देवाचं घर आहे, तिथं हत्ती कायले येईन, असं मी स्वतः म्हणली होती, मोठ्या तोऱ्यात.

बाबाचं तर तू जाणतेसच. लकवा झाला तवापासून उजवी बाजू गेली, तोंड वाकडं, बोलणं मले सोडून कोणाले कळत नाई. तू नर्स म्हणून शिकवून गेली तशी मी रोज दुपारी त्याची टांग चोळते. तुले वाटत असन, माय मायेनं चोळत असन. अवो, शिव्या देऊन चोळते मी. त्याले नाई, टांगेले. आणि खरं सांगू, टांगेच्या आडून देवाले. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं मातीच्या विटा पाडून प्रार्थनाघर उभं केलं, प्रभूसाठी दारू सोडली, गावाच्या पंडुम सणाच्या पूजेत बसणं सोडलं, त्यापायी मोठी बहीण तुटली तरी हूं की चूं केलं नाई, त्याचीच टांग सापडली काय तुले? असं रोज विचारत होती. वरून लोकांपुढं म्हणायची, प्रभू जे करते ते भल्यासाठी. आतून जळत होती.

तो दिवस शनिवार होता, दीड महिना झाला त्याले. दिवे लागायची वेळ. मी भात ठेवला होता चुलीवर. टेकडीकडून ओरडणं आलं, हत्ती, हत्ती! आपलं ठरलं होतं, की हत्ती आला तर सगळ्यांनी शाळेच्या पक्क्या खोलीत पळायचं. बाबाले कोण नेईन, कसं नेईन, हे काही ठरलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं कोणाले. आमचं प्रभू पाहून घेईन, असं म्हणून मोकळी झाली होती. अशी मोठी बोलणारी बाई मी!

गावच्या पोट्ट्यांनी जे करू नका म्हणलं होतं तेच केलं. डबे बडवले, टेंभे पेटवले, आरोळ्या ठोकत गेले. कळप बिथरला आणि जंगलाकडं जायचा तो गावात घुसला. एक हत्ती वेगळा होऊन आपल्या गल्लीत आला. आपल्या सभेतला धनराज दाराशी धावत आला होता. काकू, चाला लवकर, काकाले उचलू, म्हणाला; मंग मागं पाह्यलं आणि तोंडाचं पाणी पळालं त्याचं. पळाला बिचारा. त्याचं लेकरू खांद्यावर होतं, त्याले दोष देऊ नको. मी पण पळाली असती, दीपिका. हे साक्षीत नाई. मी पळायसाठीच वळली होती. खाटेकडं पाह्यलंही नाई. पण पायच उठले नाईत.

गुडघ्यातला जीवच गेला. मी चुलीपाशी भिंतीले पाठ लागून मटकन बसली ती बसलीच. हातात डबा होता आणि पळी. वाजवायचा होता, हात उठला नाई. बोंब मारायची होती, आवाज फुटला नाई. प्रार्थना करायची होती, तर प्रभूचं नाव आठवलं नाई. नाव आठवलं नाई वो! ज्याचं नाव उठताबसता घेतलं, ते त्या वेळी डोक्यातून पुसलंच गेलं. तोंडात फक्त माय, माय असं येत होतं, आणि माझी माय मरून किती वर्षं झाली. लुगडं ओलं झालं ते मले नंतर कळलं.

एवढं मोठं जनावर, पण त्याच्या पायाचा आवाज नाई. आधी अंधार आला. दार भरून गेलं. मंग सोंड आत आली, चिखलानं भरलेली, टोकाशी बोटासारखं मांस हालत होतं. ती जमीन हुंगत चुलीकडं आली. माझ्या गुडघ्यापासून हातभर असन. भाताच्या गंजाले लागली, चटका बसला, झटक्यानं मागं गेली, आणि मले वाटलं, आता संपलं. बाहेर तो असा घुमला, की भिंतीची माती झरझर खाली पडली. मंग सोंड खाटेकडं गेली. बाबाच्या उजव्या टांगेवर जाऊन थांबली. दुपारीच मी टोरीचं तेल चोळलं होतं, मोहाच्या बियांचं तेल. त्याले त्याच झाडाचा वास आला असन. घोट्यापासून मांडीपर्यंत त्यानं ती टांग हुंगली, फुसफुस करत, पुन्हा खाली आला, पुन्हा वर गेला. थोडी उचलून पण पाह्यली.

कोणाचीही टांग असती तर झटकली असती. माझी तर नक्कीच. ती टांग हालली नाई. कारण ती हालतच नाई. ज्या टांगेले मी वर्षभर शिव्या दिल्या तिनं हूं म्हणलं नाई की चूं केलं नाई. त्यानं ती लाकूड समजून खाली ठेवली असन. बाबाचे डोळे उघडे होते, पण तो हत्तीकडं पाहत नव्हता, माझ्याकडं पाहून राह्यला होता. त्यानं डावा हात थोडासा उचलला आणि तळवा खाली दाबला, सभेत लहान पोरांले खाली बसवते तसा. बस. बसून राह्य. मी काय उठणार होती! पण त्याले वाटलं, मी उठून काही शूरपणा करीन. एवढी वर्षं सोबत राहूनही ह्या माणसाले माझ्याबद्दल असे गैरसमज आहेत.

मंग सोंड बाहेर गेली. बाजूच्या खोलीचा वास त्याले जास्त गोड लागला असन. प्रार्थनाघराची भिंत पडली तर मले वाटलं होतं, मोठा धडाका होईन. नुसतं थप्प झालं. पत्रे मात्र लय वेळ कर्र कर्र करत वाकत राह्यले. बाकीचे हत्तीही आले. साऱ्या गावाचा मोहा त्यांनी खाल्ला आणि आम्ही भिंतीच्या ह्या बाजूले बसून त्यांचं खाणं ऐकलं. बाबा रडत होता. त्यानं एकेक वीट पाडली होती त्या भिंतीची.

सकाळी गाव जमला. आधी मोहाचीच रडारड. उन्हाळाभर वाकून वेचलेलं गेलं, बायांचा जीव तळतळला, आणि खोली आपली म्हणून बोलणीही आपल्यालेच बसली. बुधरी आत्या तर पदर खोचून भांडायलेच आली होती. उंबऱ्याबाहेर उभी राहून सुरू झाली, की तुमच्या देवाच्या खोलीत ठेवलं म्हणून गेलं. बोलता बोलता तिची नजर खाटेवर गेली. बाबाच्या टांगेवर चिखलाचा पट्टा वाळला होता, घोट्यापासून मांडीपर्यंत. हे काय, म्हणाली. मी सांगितलं. तेवढंच सांगितलं, जसं झालं तसं. ती उंबरा ओलांडून आत आली आणि जमिनीवर बसली. मंग फडकं ओलं करून तो चिखल पुसून राह्यली, आणि रडत रडत गोंडीत भावाले शिव्या देऊन राह्यली, लहानपणच्या, ज्या फक्त मोठी बहीण देऊ शकते. बाबा वाकड्या तोंडानं हसत होता. चिखल पुसून झाला तवा ती मले म्हणाली, मंगले, पाणी दे. तुले काय सांगू! घाईघाईत अर्धा गडवा मी तिच्या अंगावरच सांडला. उरलेलं ती प्यायली. मोहाबद्दल मंग तिनं एक शब्द काढला नाई.

पास्टरभाऊ आले तवा मी त्यांलेही खरंच सांगितलं होतं. भाऊ, माझ्या पायात जीवच राह्यला नव्हता, म्हणलं. ते म्हणाले, पाहा, प्रभूनं तुम्हाले खडकासारखं स्थिर केलं! चांगला माणूस आहे, त्यांले तसंच ऐकू आलं. धानोऱ्याच्या सभेत मी उभी राह्यली तीही खरं सांगायलेच. पण तोंड उघडलं की लोक आमेन म्हणत, आणि त्या आमेनमध्ये माझं पुढचं बोलणं बुडून जाय. आणि बरं वाटलं, खोटं कायले बोलू? जिले आयुष्यभर सारे भित्री भागूबाई म्हणत आले, तिच्यासाठी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. साक्ष एकदा चालायले लागली की तिले कोण थांबवते! पण त्याचा भार तुझ्यावर पडन हे माझ्या ध्यानात आलं नाई. तू तिकडं भिऊन राह्यली आणि तुले वाटलं, मायच्या विश्वासापुढं आपण कचरा.

म्हणून आता नीट ऐक. भेव गेलं असं समजू नको. हत्ती अजून इकडंच आहेत, कधी नदीकडं जातात, पुन्हा येतात. परवा सुकल्या पानातून सरडा गेला आणि मी भरली घागर टाकून दिली. दिवे लागायची वेळ आली की मी चुलीकडं कमी आणि दाराकडंच जास्त पाहते. पण आता त्या वेळेले चार जण येतात आणि बाबाची खाट उचलून शाळेच्या पक्क्या खोलीत नेतात, सकाळी परत आणून ठेवतात. धनराज आपल्यातला, बाकी तिघं पंडुमवाले, त्यात एक बुधरी आत्याचा पोरगा. मी बोलवायले गेली नाई, आत्यानंच पाठवले. प्रार्थनाघर होतं तवा ह्या तिघांतलं कोणी आपल्या घरात पाऊल टाकत नव्हतं. आता भिंत नाई, तर खाट उचलतात. आम्ही दहा वर्षं प्रार्थना केली, की ह्यांची मनं वळू दे, आणि मनं वळली ती मोहा गेल्यावर. असं कसं, मले इचारू नको. लकवा झाला ते बरं झालं, असंही मी कधी म्हणणार नाई, कोणी म्हणलं तर त्याले पळी फेकून मारीन. पण त्याच टांगेनं आम्हाले वाचवलं, हेही खोटं नाई. ही दोन्ही मी एकाच हातात धरून बसली आहे. टांगेले शिव्या देणं सुटलं नाई, सवय आहे, पण चोळून झाली की आता थोडा वेळ हात तिथंच ठेवते.

आणि प्रार्थना. तुले माझी जुनी प्रार्थना आठवत असन, पास्टरसारखी लांबलचक, भात करपायचा पण आमेन येत नव्हतं. आता मी चुलीपाशी त्याच जागी बसते आणि म्हणते, प्रभू, मले भेव वाटते. झालं. पुढं काही नाई. अशी प्रार्थना मी जन्मात केली नव्हती, कारण मले वाटे, भेव वाटणं म्हणजे विश्वास कमी पडणं. आता कळते, त्या संध्याकाळी मले त्याचं नाव आठवलं नाई, पण त्याले माझं आठवत होतं. माझ्या न उठणाऱ्या पायांसकट त्यानं मले सांभाळलं. मी उठली असती, ओरडली असती, डबा वाजवला असता, तर आज बुधरी आत्या दोघांची मूठमाती करून बसली असती. मी हत्तीच्या मनातलं जाणत नाई, कदाचित त्याचं पोट भरलं असन. पण मी माझ्यापुरतं धरलं, की देवाले माझ्याजवळ द्यायले दुसरं काहीच सापडलं नाई, तवा त्यानं माझं भित्रेपण कामाले लावलं.

तुझं पहिलं लेकरू गेलं तवा मी तुले म्हणली होती, देवाची मर्जी, रडू नको. तू भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. तुझं भेव कुठून येते ते मले कळते. तू दुसऱ्यांच्या बाळंतपणात उभी राह्यते, त्यांचे हात धरते, काय काय बिघडू शकते ते सारं तुले माहीत आहे. न शिकलेलीले एक भेव असते, तुले दहा. ती सगळी खरी आहेत. मी तुले भिऊ नको असं आता म्हणणार नाई.

काल मी बाबाले आणि आत्याले तुझ्या फोनचं सांगितलं. माझी मनातून इच्छा होती की ते म्हणतील, कुठी जातेस, इथं हत्ती, हा असा पडलेला. म्हणजे मले मोकळं झालं असतं. पण आत्या म्हणाली, जाय. पोट्टीले माय पाहिजे. याले मी पाहते, आणि हत्तीलेही मी पाहून घेते. गोळ्या कोणत्या सकाळच्या, कोणत्या संध्याकाळच्या, तेल किती, भात किती मऊ, सगळं तिनं माझ्याकडून घोकून घेतलं. मी बाबाकडं पाह्यलं. त्यानं डावा हात उचलला, पण ह्या वेळी तळवा वर होता, आणि तो हळूहळू वर नेला, गीत म्हणायच्या आधी साऱ्या सभेले उभं करते तसा.

तर हे पत्र मी टपालात टाकणार नाई, माझ्या हातानंच तुले देईन. तोंडानं सांगायले बसली की मी पुन्हा शूर होते, ते तू फोनवर पाह्यलंच, म्हणून लिहून घेतलं. उद्या निघते. मले एसटीत उलट्या होतात, गडचिरोलीच्या स्टँडवर गाडी चुकायचं भेव आहे, तुमच्या दवाखान्याच्या लिफ्टचं भेव आहे, आणि तुले आत नेतील त्या दाराचं तर सगळ्यात जास्त. त्या दाराशी मी साक्ष सांगणार नाई. तू आत भिऊन घे, मी बाहेर बसून भिते, आणि दोघी तेवढं एकच म्हणू, की प्रभू, भेव वाटते. आता वाचून झालं असन तर मान वर कर. तू विचारलं होतं नं, येशील का? मी तुझ्यासमोर बसली आहे, चपला अजून काढल्या नाईत, गुडघे थरथरून राह्यले आहेत. पण ह्या वेळी ते उठले, बेटा.

तुझीच, तुझ्यासारखीच भित्री,
माय